प्रलयोत्तर मरुराष्ट्रे आणि त्यांची दफ्तरे

ज्या भूमीवर पाऊस पडत नाही, जिच्यात बारमाही नदी वाहत नाही आणि एखाद्या महान आपत्तीने जिची पूर्वीची राज्यव्यवस्था, वस्ती व बाजारपेठ उद्ध्वस्त करून टाकली आहे, अशा भूमीत एखादे राष्ट्र उभे राहिलेच तर त्याचा समाज कसा असेल आणि त्याचा चरितार्थ कशावर चालेल, हा प्रश्न गेली शंभर-सव्वाशे वर्षे कथालेखकांना भुरळ घालीत आला आहे. या ग्रंथांत युद्धे, भविष्यवाण्या आणि राजघराण्यांची वैरे यांना जितकी जागा मिळते तितकी बाजारभावाला मिळत नाही, हे खरे; तथापि ज्या लेखकांनी आपल्या कल्पित राष्ट्राला पोट आहे याचे भान ठेवले, त्यांच्या कृतींतून अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही विचार करायला लावील असे पुष्कळ काही हाती येते. त्यांचा आढावा घेताना मी एकच कसोटी हाताशी ठेवली आहे. आपत्तीपूर्वी जे ज्याच्या नावावर होते ते आपत्तीनंतर कोणाच्या नावावर चढले, याचे उत्तर त्या ग्रंथात मिळते की नाही? कोरडी विहीर आणि तडकलेली जमीन कोणीही रंगवू शकतो. परंतु आपत्ती ही संपत्तीचा जितका नाश करते त्याहून अधिक तिचा फेरफार करते, ही गोष्ट ज्याला दिसली असा लेखक विरळा.

या परंपरेचा आरंभ पृथ्वीवर न होता मंगळावर झाला. इटालियन ज्योतिर्विद स्किआपारेल्ली याला १८७७ साली मंगळाच्या पृष्ठावर काही रेषा दिसल्याचा भास झाला आणि त्या आधारावर पर्सिव्हल लॉवेल या धनिक अमेरिकन संशोधकाने १८९५ साली ‘मार्स’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मंगळ हा वाळत चाललेला ग्रह असून तेथील प्रजेने ध्रुवांवरील बर्फाचे पाणी विषुववृत्तापर्यंत आणण्यासाठी संपूर्ण ग्रहावर कालव्यांचे जाळे विणले आहे. या भ्रमाचा खगोलशास्त्रीय भाग आज कोणी विचारात घेत नाही. पण त्यातील राजकीय अनुमान मोठे मनोरंजक आहे. ज्या अर्थी कालवे सबंध ग्रहाला वेढतात त्या अर्थी तेथे परस्परांशी लढणारी राज्ये उरलेली नसावीत, पाण्याच्या टंचाईने त्या प्रजेला एकोप्याने वागणे भाग पाडले असावे, असे लॉवेलचे म्हणणे. एडगर राइस बरोज याने १९१२ साली क्रमशः प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या मंगळकथांत हेच वाळलेले समुद्र आणि हेच कालवे उचलले आणि त्यांच्या काठी अहोरात्र तलवारी खणखणत ठेवल्या. पुढे १९५७ साली कार्ल विटफोगेल या इतिहासकाराने, मोठ्या जलसिंचनाच्या व्यवस्थेतून अपरिहार्यपणे सर्वंकष नोकरशाही आणि तिच्या शिखरावर एक हुकूमशहा निर्माण होतो, असा सिद्धान्त मांडला. एकाच पाटातून एकाला शांतता, दुसऱ्याला शौर्य आणि तिसऱ्याला जुलूम वाहताना दिसावा, यावरून पाण्याच्या टंचाईतून समाजरचना आपोआप निष्पन्न होत नाही एवढे तरी सिद्ध व्हावे. १९६५ च्या जुलै महिन्यात मरिनर ४ या यानाने मंगळाची जवळून छायाचित्रे पाठविली, त्यांत कालवे नव्हते, खड्डे होते. आणि त्याच वर्षी फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ ही कादंबरी ग्रंथरूपाने बाहेर पडली, जिच्यामुळे मरुराष्ट्राची कल्पना मंगळावरून निघून एका सर्वस्वी कल्पित ग्रहावर जाऊन वसली.

हर्बर्ट हा मूळचा वृत्तपत्रव्यवसायी. ऑरेगॉन राज्यातील फ्लॉरेन्स या गावाजवळ सरकत्या वाळूच्या टेकड्या गवताची लागवड करून थांबविण्याचे काम चालू होते, ते पाहण्यासाठी तो १९५७ साली गेला. त्यावर लिहावयाचा लेख बाजूलाच राहिला आणि त्या टिपणांतून काही वर्षांनी अराकिस हा ग्रह जन्माला आला. अराकिसचे वैशिष्ट्य हे की तेथे पाण्याचा हिशेब थेंबाथेंबाने ठेवला जातो आणि तो वाचकासमोर आकड्यांनी मांडला जातो. राजधानीतील प्रासादासमोर वीस खजुरीची झाडे आहेत. एका झाडाला दिवसाला चाळीस लिटर पाणी लागते, एका माणसाला आठ. म्हणजे एक झाड पाच माणसांबरोबर, आणि ती रांग शंभर माणसांचे जीवन पिऊन उभी आहे, हे गणित रस्त्याने जाणारा प्रत्येक दरिद्री मनुष्य मनातल्या मनात करीत असतो. मेजवानीच्या वेळी पाहुण्यांनी हात धुऊन पाणी मुद्दाम सांडावे, ते टिपलेले पंचे दाराशी ताटकळणाऱ्या भिकाऱ्यांना पिळून विकावे, हा तेथील श्रीमंतांचा शिष्टाचार. वैभवाचे असे ओंगळ प्रदर्शन कल्पनेने निर्माण करणे सोपे नाही.

वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन टोळ्यांचा व्यवहार याहून निराळा. मनुष्य मेला की त्याच्या देहातील पाणी काढून घेतले जाते, ते टोळीच्या मालकीचे होते, आणि त्याच्या मापाइतक्या धातूच्या कड्या ज्याच्याकडे तो हक्क जातो त्याला दिल्या जातात. नायकाच्या हातून द्वंद्वयुद्धात मारल्या गेलेल्या जामिसच्या देहातून तेहतीस लिटर आणि वर काही द्रॅम एवढे पाणी निघते व त्याच्या कड्या विजेत्याला मिळतात. पाणी सामाईक कुंडात आणि त्यावरील हक्काची हुंडी व्यक्तीच्या हातात, अशी ही रचना आहे. तिच्यासाठी मापाडी आहे, साक्षीदार आहेत, आणि सर्वांना मान्य असे परिमाण आहे. जेथे दरबाराची मोहोर पोचत नाही तेथेही नाणे चालू शकते, मात्र त्यामागे तारण हवे आणि तारणावर सर्वांचा विश्वास हवा, ही गोष्ट हर्बर्टला अचूक उमगली होती. त्याच प्रसंगी जामिसची बायको आणि तिची मुलेही विजेत्याच्या पदरात पडतात, तिला पत्नी म्हणून ठेवायचे की दासी म्हणून, हे एका वर्षात त्याने ठरवावयाचे असते. टोळीच्या या नेटक्या वहीत स्त्रीची नोंद कोणत्या सदराखाली होते ते यावरून ध्यानात यावे. हर्बर्ट हे सांगतो, पण त्यावर थबकत नाही, आणि त्याच्या बहुतेक चाहत्यांनाही थबकावेसे वाटलेले नाही.

अराकिसच्या अर्थकारणाचा दुसरा अर्धा भाग निर्यातीचा. आयुष्य वाढविणारा आणि अंतराळयानांच्या मार्गदर्शकांना दृष्टी देणारा ‘मसाला’ विश्वात दुसरीकडे कोठेही मिळत नाही. त्याचा मक्ता बादशहा एखाद्या घराण्याला देतो, व्यापार एका महाकंपनीच्या हाती असतो, आणि वाहतूक एका स्वतंत्र संघाच्या. मक्तेदार बदलतो, वसुली तीच राहते. टोळ्यांकडून त्या वाहतूक संघाला गुपचूप मसाल्याची लाच पोचत असल्यामुळे त्यांच्या प्रदेशावर टेहळणीची साधने फिरकत नाहीत, हा तपशील तर कोणत्याही जुन्या सरहद्दीच्या कारभाऱ्याला ओळखीचा वाटेल. आणि तरीही माझ्या कसोटीला ही थोर कादंबरी पूर्णपणे उतरत नाही. अराकिस हा मुळात जलयुक्त होता हे तेथील क्षारांच्या सपाट मैदानांवरून सूचित होते, आणि १९७६ सालच्या ‘चिल्ड्रेन ऑफ ड्यून’ मध्ये त्याचे कारणही सांगितले जाते की, बाहेरून आलेल्या जीवांनी तेथील पाणी आपल्यात बंदिस्त करून टाकले. पण त्या जलप्रलयाच्या उलट्या प्रलयात कोण बुडाले आणि कोण तरले? ती आपत्ती भूगर्भशास्त्राच्या काळात घडलेली असल्यामुळे तिला वारस नाहीत, आणि वारस नसलेल्या आपत्तीचा अर्थव्यवहार लिहिता येत नाही.

वास्तवातील मरुप्रदेश या बाबतीत काय सांगतात? ओमानमधील अफलाज घेऊ. डोंगराच्या पायथ्याचे पाणी भुयारी पाटाने गावात आणावयाचे आणि ते काळाच्या हिश्श्यांनी वाटावयाचे, ही तेथील पद्धत अत्यंत प्राचीन असून त्यांतील पाच अफलाजांचा समावेश २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत झाला. दिवसा छायायंत्रावरून आणि रात्री ताऱ्यांवरून कोणाची पाळी केव्हा संपली हे ठरवितात; कारभार पाहण्यासाठी वकील नावाचा अधिकारी असतो; आणि काही हिस्से पाटाच्याच नावे ठेवून त्यांचा लिलाव करतात व त्या उत्पन्नातून दुरुस्ती होते. येथे विटफोगेलचा हुकूमशहा नाही आणि ‘ड्यून’ मधला कवचधारी वीरही नाही. आहे तो दुरुस्तीखर्च, आणि तो कोणी भरावयाचा याविषयीचा शतकानुशतकांचा करार. कल्पित मरुराष्ट्रांत दुरुस्तीचा खर्च कोणालाच पडत नाही, हे त्यांचे मोठे भाग्य म्हणावयाचे.

दुसरे उदाहरण अधिक दुःखाचे. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस साहेल पट्ट्यात जो दुष्काळ सुरू झाला त्याने मॉरिटेनियासारख्या राष्ट्राचे स्वरूपच पालटले. तेथील बहुसंख्य प्रजा तेव्हा भटकी पशुपालक होती. दोन दशकांत ती अल्पसंख्य झाली, आणि १९५० नंतरच्या दशकाच्या शेवटी काही हजार लोकांसाठी आखलेल्या नुआकशॉट या नव्या राजधानीभोवती तंबूंच्या व पत्र्यांच्या वस्त्यांचा वेढा पडला. जनावरे तहानेने मेली, हे चित्र सर्वांनी पाहिले. परंतु अमर्त्य सेन यांनी १९८१ सालच्या आपल्या दुष्काळविषयक ग्रंथात इथिओपिया आणि साहेल येथील पशुपालकांविषयी जे दाखवून दिले ते अधिक मर्मभेदी आहे: पशुपालक हा केवळ दूध पिऊन जगत नाही, तो जनावर विकून धान्य घेतो; दुष्काळात जनावराचा भाव कोसळतो व धान्याचा त्या मानाने चढतो, आणि उरलेली जनावरेही त्याला पुरेसे धान्य मिळवून देऊ शकत नाहीत. अशा वेळी पडत्या भावाने विकले गेलेले कळप नाहीसे होत नाहीत. ते व्यापाऱ्यांनी आणि शहरातील पगारदारांनी घेतले, आणि कालचा धनी आज त्याच कळपामागे मजुरीने चालू लागला, असे साहेलमध्ये ठिकठिकाणी घडले. उंट तोच, कुरण तेच, मालक बदलला. एखाद्या कादंबरीकाराला याहून मोठे कथानक काय हवे, हे मला समजत नाही.

या दृष्टीने पाहता जे. जी. बॅलर्डची ‘द ड्राउट’ ही छोटी कादंबरी, जी १९६४ साली अमेरिकेत ‘द बर्निंग वर्ल्ड’ या नावाने आणि पुढच्या वर्षी इंग्लंडात या नावाने निघाली, तिचा मधला भाग मोलाचा आहे. कारखान्यांच्या सांडपाण्यातील द्रव्यांची एक पातळ साय समुद्रावर धरते, बाष्पीभवन थांबते, पाऊस बंद होतो आणि सारी प्रजा समुद्रकिनाऱ्याकडे धावते. दहा वर्षांनंतर तेथे मिठाचे डोंगर साचलेले आहेत आणि माणसे भरतीच्या वेळी आलेले खारे पाणी फळ्यांनी अडवून, त्याचे डबके मेंढ्यांसारखे हाकीत आपल्या वस्तीपर्यंत नेत आहेत; वाटेत दुसरा कोणी ते डबके चोरून पळवितो. पाणी येथे पशुधन झाले आहे आणि पशुधनाबरोबर येणारी चोरीही. मात्र बॅलर्डला माणसांच्या अंतर्मनातील ओसाडीचे आकर्षण जास्त. त्यामुळे ऊर्ध्वपातनाला लागणारे इंधन कोठून येते यासारख्या प्रश्नांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. ‘मॅड मॅक्स’ चित्रपटमालिकेत हा प्रश्न निदान विचारला तरी आहे: १९८५ सालच्या तिसऱ्या चित्रपटात बाजारनगरीचा दिवा डुकरांच्या विष्ठेपासून केलेल्या वायूवर जळतो, आणि २०१५ सालच्या चित्रपटात एका गडावर पाणी, दुसऱ्या ठाण्यात तेल व तिसऱ्यात काडतुसे अशी तीन मालांची अदलाबदल चालते. परंतु या त्रिकूटात पिकविणारा कोठे दिसत नाही. वरून पाणी सोडणारा आणि खाली भांडी घेऊन उभा राहिलेला जमाव, एवढीच रयत.

कल्पनेला लाजविणारा एक वास्तव प्रसंग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. अरल समुद्र हे १९६० साली जगातील चौथ्या क्रमांकाचे विशाल सरोवर होते. कापसाच्या शेतीसाठी आमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी सोव्हिएत सरकारने वळविले आणि सरोवर आटत गेले. कराकल्पाकस्तानातील मुयनाक या बंदरापासून पाणी दूर निघून गेले, बोटी वाळूत रुतल्या. पण तेथील मासे डबाबंद करण्याचा कारखाना बराच काळ चालू ठेवला गेला, आणि त्यासाठी बाल्टिक व पॅसिफिक यांसारख्या दूरच्या समुद्रांतून गोठविलेले मासे आगगाडीने आणले जात. समुद्र गेला, दफ्तर राहिले. बॅलर्डच्या उपहासालाही हे सुचले नसते.

दफ्तराचा हा विषय दोन लेखकांनी मोठ्या मार्मिकपणे हाताळला आहे. वॉल्टर मिलरच्या ‘अ कँटिकल फॉर लीबोविट्झ’ (१९५९) या कादंबरीत अणुयुद्धानंतर सहाशे वर्षांनी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील वाळवंटात एक मठ आहे, आणि तेथील साधू जुन्या ज्ञानाचे तुकडे अर्थ न समजता जपून ठेवीत आहेत. त्यांना सापडलेल्या पवित्र अवशेषांत किराणा मालाची एक यादीही असते. येथे वाचक हसतो. पण मठाला जमीन आहे, भिंत आहे, उत्तराधिकाराचे नियम आहेत, आणि शेजारच्या राजांना म्हणूनच त्याची दखल घ्यावी लागते, हे मिलरने दृष्टीआड केलेले नाही. जी संस्था लेख सांभाळते ती आपत्तीतून राज्यापेक्षा अधिक सुखरूप बाहेर पडते.

दुसरी यादी अर्सुला ल ग्विन यांच्या ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) मधली, आणि ती हसण्याजोगी नाही. अनारेस हा रूक्ष उपग्रह. तेथे सुमारे दोन कोटी लोक खाजगी मालमत्ता, सरकार आणि नाणे यांच्यावाचून राहतात, कामांचे वाटप एक मध्यवर्ती कचेरी करते, आणि खनिजे मातृग्रहाला देऊन आपल्याला न करता येणारी यंत्रे घेतात. स्वावलंबनाचा डौल मिरविणारे हे राष्ट्र वस्तुतः खाणींवर जगणारी वसाहत आहे, ही कबुली ल ग्विन यांनी प्रामाणिकपणे दिली आहे. मग वर्षानुवर्षे अवर्षण पडते. पतिपत्नींना निरनिराळ्या ठिकाणी कामावर पाठविले जाते, शिधा कमी होतो, आणि नायक शेवेक याच्याकडे एका गिरणीत असे काम येते की, कोणाला पूर्ण शिधा आणि कोणाला अर्धा, याची यादी त्याने करावयाची. काम करवत नाही इतका जो खंगला त्याला अर्धा शिधा, आणि अर्ध्या शिध्यावर तो अधिकच खंगणार, हे त्याला दिसते. तो ते काम सोडून निघून जातो. पण यादी थांबत नाही. ती करणारा दुसरा कोणीतरी मिळतोच, हे त्याला पुरते ठाऊक असते. या साहित्यात मला आढळलेला हा सर्वांत प्रखर अर्थशास्त्रीय प्रसंग होय. सत्ता नाहीशी केलेल्या समाजात दुष्काळाने सत्ता परत आणली आणि ती कोणा सेनापतीच्या रूपाने न येता कारकुनाच्या लेखणीतून आली.

आपल्याकडच्या मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात पडलेल्या आणि परंपरेने बारा वर्षांचा मानल्या गेलेल्या दुर्गादेवीच्या दुष्काळानंतर मुलूख इतका ओस पडला की गावांच्या शिवा कोणाच्या ध्यानात राहिल्या नाहीत. पुढे बहामनी दरबाराने दादो नरसू नावाच्या अनुभवी कारभाऱ्याला आणि दरबारातील एका तुर्की खोजाला वसाहतीच्या कामावर नेमले, दोन-तीन ओसाड गावे मिळून एक गाव केले, जो कसील त्याला जमीन दिली. सारा पहिल्या वर्षी माफ आणि दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे तोबराभर धान्य, असा कौल दिला असे सांगतात. पुढील काळात इस्ताव्याने सारा वाढवीत नेण्याची जी पद्धत दिसते तिच्या मागे हाच व्यवहार आहे. हे वाळवंट नव्हे, हे खरे. परंतु नाश झाल्यावर राष्ट्र पुन्हा कसे मांडले जाते, शिवा कोण आखतो, आणि परतून आलेल्या जुन्या मिरासदाराला आपल्याच शेतात उपरी म्हणून उभे राहण्याची पाळी कशी येते, या प्रश्नांना पुढे ठेवून जर कोणी मरुराष्ट्राची कथा लिहिली असती तर ती अराकिसहून अधिक खरी झाली असती.

तशी एक कथा लिहिली गेली आहे, आणि ती पाश्चात्य लेखकाची नाही. अब्दुर रहमान मुनीफ हे अरब लेखक स्वतः तेलाच्या अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळविलेले. १९६३ साली त्यांचे सौदी नागरिकत्व काढून घेण्यात आले, आणि १९८४ पासून त्यांनी ‘क्षारांची नगरे’ ही पाच खंडांची कादंबरी लिहिली, जिच्यातील वाळवंटी राज्य कल्पित आहे आणि कोणाला ओळखू येऊ नये अशी काळजी मात्र मुळीच घेतलेली नाही. तेथील आपत्ती ही पाणी आटण्याची नसून तेल सापडण्याची आहे. वादी अल-उयून या हिरव्या खोऱ्यात परकीय लोक येतात, पुढे त्यांची यंत्रे येतात, झाडे उपटली जातात आणि वस्ती उठते. मुतइब अल-हथाल नावाचा एक गृहस्थ हे होणार असे आरंभापासून सांगत असतो. झाडे पडल्यावर तो उंटावर बसून निघून जातो. राहिलेल्यांना हर्रान या किनाऱ्यावरच्या गावी मजूर म्हणून आणतात, आणि मजूर भरती करणारा इब्न राशिद सर्वांत आधी त्यांचे उंट आपल्या ताब्यात घेतो. पैसे देऊन घेतो, हे विशेष. उंट गेला की परत जाण्याचा मार्ग गेला, मार्ग गेला की मजुरीच्या दराविषयी बोलण्याची सोय गेली. साहेलमध्ये अवर्षणाने जे केले ते येथे समृद्धीने केले, आणि अर्थशास्त्र शिकलेल्या लेखकाला ते एका खरेदीच्या व्यवहारात दाखविता आले.

पुढे हर्रानची दोन गावे होतात, एक अमेरिकनांचे आणि एक अरबांचे. कामावर असताना मिझबान नावाचा मजूर बुडून मरतो. त्याची भरपाई कोणी द्यावयाची या प्रश्नावर कंपनी आणि कंत्राटदार एकमेकांकडे पाहतात, आणि त्याचा भाऊ त्या दुःखाने भ्रमिष्ट होतो. जामिसच्या तेहतीस लिटरांचा हिशेब त्याच रात्री चुकता झाला होता; मिझबानच्या जिवाची नोंद कोणत्या वहीत करावयाची हेच ठरत नाही. पहिला खंड काही कामगारांच्या बडतर्फीवरून झालेल्या संपाने संपतो आणि त्यांना परत कामावर घेणे कंपनीला भाग पडते. नंतरच्या खंडांत मुनीफ यांचे लक्ष सुलतानाच्या दरबाराकडे आणि त्याच्या महत्त्वाकांक्षी वैद्य-सल्लागाराकडे वळते. कारस्थानांचे ते चित्रण कुशल असले तरी मजुरांची नावे मागे पडतात, आणि पाच खंडांतील पहिला खंडच मला आज पुन्हा वाचावासा वाटतो.